एका माणसाचा स्थिर आकार

माझी आत्या सभागृहात प्रतिवेदक होती. सदस्य जे बोलतील ते शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचं, मग वर जाऊन टाइप करायचं, की ते सरकारी अहवालात छापून यायचं. कुणी विचारलं, "म्हणजे टायपिस्ट का?" तर आत्या "हो" म्हणून मोकळी व्हायची. एवढं समजावत कोण बसणार.

सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखाली, प्रतिवेदकांचं एक अरुंद टेबल होतं. एका बाजूला सरकार पक्ष, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्ष, आणि आरडाओरडा डोक्यावरून जायचा. सदस्यांना त्यांच्या बाकांवरून आत्याचा फक्त भांग दिसायचा. प्रत्येक प्रतिवेदकाची पाळी दहा मिनिटांची. दहा मिनिटं झाली की दुसरा शेजारी येऊन बसायचा, त्याने पेन टेकवलं की पहिल्याने आवाज न करता उठायचं, मग वाक्य अर्धवट राहिलेलं असो. त्यामुळे तेवीस वर्षांत आत्याने एकही भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. भांडण सुरू कसं झालं हे माहीत असायचं, पण मिटलं की नाही ते दुसऱ्या दिवशी मुद्रितं वाचताना कळायचं.

तिचं लग्न राहून गेलं. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांचं एक अंग लुळं पडलं आणि नऊ वर्षं त्यांचं सगळं तिनेच केलं. माझे वडील, म्हणजे तिचा दादा, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. आजोबा गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ती एकटीच राहिली. मी रविवारी फोन करायचे. "कशी आहेस?" "मजेत." "जेवलीस?" "जेवले. तू?" तीन मिनिटांत आटपायचं. तेव्हा मला वाटायचं, आत्याला बोलायला फारसं आवडत नाही.

विरोधी बाकांवर एक सदस्य होते, त्यांना सगळे मागून "वाणसामान" म्हणायचे. खेड्यापाड्यातल्या एका मतदारसंघातून ते चार वेळा निवडून आले होते. कर, भाववाढ आणि सरकारी खर्च या तीन विषयांपलीकडे ते सहसा जात नसत. एका वर्षी अर्थसंकल्पावरच्या चर्चेत त्यांनी कापडी पिशवीतून साबणाची वडी, काडेपेटी, चहाची पुडी आणि दाढीचं पातं काढून समोर मांडलं. अध्यक्ष म्हणाले, "सभागृहात वस्तू दाखवता येणार नाहीत." ते म्हणाले, "महोदय, यातल्या प्रत्येक वस्तूवर सरकारने आधीच हात ठेवलाय, मी नुसत्या परत दाखवतोय." लोक हसले, पण वस्तू पिशवीत गेल्या. पुढच्या वर्षापासून ते नुसती यादी वाचू लागले. गेल्या वर्षी साबण केवढ्याला होता, यंदा केवढ्याला आहे. आणि ते नाव पडलं ते पडलंच.

त्यांचं म्हणणं साधं होतं. साबणावरचा कर गिरणीच्या मालकाला आणि गिरणी झाडणाऱ्या बाईला सारखाच पडतो, तेव्हा मालकाच्या मिळकतीवर लावा, वडीवर लावू नका. भाव वाढतात तेव्हा सरकारचं उत्पन्न आपोआप वाढतं, मग भाव खाली आणायची घाई सरकारला कशाला असेल? आणि खर्चाबद्दल ते म्हणायचे, पैसा कुठे गेला ते मला कागदावर नको, दवाखान्याच्या कपाटात दाखवा. सचिवालयासमोर दगडी कमान उभी राहिली त्या वर्षी त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात पट्टीचं कापड नसल्याचं सांगितलं आणि कमानीचा खर्च पट्ट्यांच्या गजांत करून दाखवला.

अर्थमंत्री काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठून म्हणाले, "सन्माननीय सदस्य सोमवारी कर कमी करा म्हणतात आणि मंगळवारी माझ्याकडे पूल मागायला येतात."

"पूल मागतो, कमान मागत नाही," वाणसामान बसल्या बसल्या म्हणाले.

आत्याने ते घेतलं, आणि कंसात "हशा" लिहिलं.

ती त्यांची भक्तबिक्त नव्हती. एका वर्षी त्यांनी सरकारी नोकरांच्या महागाई भत्त्यालाच विरोध केला. ज्याला कसलाच भत्ता मिळत नाही त्याच्याकडून कर घेऊन ज्याला पगार आहे त्याचा भत्ता का वाढवता, असा त्यांचा सवाल होता. प्रतिवेदकांच्या खोलीत त्या दिवशी त्यांच्या नावाने खूप बोटं मोडली गेली. आत्यालाही राग आला. तिला त्या भत्त्यातून नवा चष्मा करायचा होता. पण तिच्या दहा मिनिटांतलं भाषण तिने चोख उतरवून दिलं, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे न करता.

लघुलिपीत नेहमीच्या शब्दांसाठी प्रत्येकाच्या स्वतःच्या खुणा असतात. "अप्रत्यक्ष कर" म्हणजे तिची हुकासारखी एक खूण, "उधळपट्टी" म्हणजे लांब शेपटी. "सर्वसामान्य माणूस" हा दोन्ही बाजूंचा इतका लाडका, की त्याच्यासाठी तिने नुसता एक ठिपका ठेवला होता. "दिवसातून साठदा यायचा बिचारा," ती मला म्हणाली होती, "मग कमीत कमी जागेत बसवायला नको?"

तिच्या नोकरीच्या तेविसाव्या वर्षी सरकारने वीज आणि पाणी या दोन्हींच्या बिलांत "स्थिर आकार" नावाची नवी रक्कम आणली. वापर कितीही असो, दर मीटरमागे दर महिन्याला ठरावीक आकार. मोठ्या पक्षांना त्यात फारसा रस नव्हता. गाजावाजा व्हायचा तो मोटारींवरच्या कराचा. त्यामुळे स्थिर आकारावरच्या कपात सूचनेला वेळ मिळाला तो संध्याकाळी सहा वाजता, सगळं कामकाज आटोपल्यावर, आणि बोलायला उभे राहिले वाणसामान. सभागृहात नऊ सदस्य होते. एक पेंगत होता, दोघे कसलंसं आमंत्रण वाचत होते. गणपूर्तीला लागतात तेवढे सदस्य नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं, पण तसं म्हटलं तर घंटा वाजणार, लोक गोळा होणार आणि घरी जायला उशीर होणार. म्हणून कुणी म्हटलं नाही.

आत्याची पाळी भाषणाच्या मध्यावर लागली. ती बसली, पेन टेकवलं. वाणसामान सांगत होते की दहा माणसांच्या घरात हा आकार दहा जणांत वाटला जाईल, आणि सरकारच्या तक्त्यात म्हणूनच तो क्षुल्लक दिसतो.

"पण अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "सरकारच्या तक्त्यात एकट्या माणसाचं घर कुठे आहे? घर म्हटलं की पाच माणसं, असं धरून चाललेत. मी एका माणसाच्या घराबद्दल बोलतोय. जो संध्याकाळी येतो, स्वतःच कुलूप काढतो, स्वतःच दिवा लावतो..."

आत्याचा हात थांबला.

रडूबिडू आलं नव्हतं, असं तिने मला पुढे निक्षून सांगितलं. तिला फक्त तिचं स्वयंपाकघर दिसलं. ओट्यावर पालथी घातलेली एक बशी, एक कप, एक पातेलं. खिडकीशी आजोबांची खुर्ची, तिच्यावर घडी करून ठेवलेले कपडे. ते सगळं ती रोज बघायचीच. पण कुणी ते भरसभागृहात मोठ्याने बोलेल आणि ते आपल्याला लिहून घ्यावं लागेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. प्रतिवेदकाने मान वर करायची नसते. भानावर आली तेव्हा ते म्हणत होते, "...म्हणून मी माझी कपात सूचना मांडतो." समोरच्या घड्याळात दीड मिनिट पुढे गेलं होतं. वहीवर तेवढी जागा कोरी.

त्या काळी सभागृहात ध्वनिमुद्रण नव्हतं. प्रतिवेदकाच्या वहीत नाही ते कुठेच नाही.

वरच्या खोलीत ती यंत्रापुढे बसून राहिली. पलीकडच्या टेबलावरचे सहकारी निवृत्तीला आलेले, सगळ्यांना सांभाळून घेणारे. त्यांनी विचारलं, "काय झालं ताई?" तिने वही दाखवली.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "वाणसामानांचं तेच ते तर असतं. सर्वसामान्य माणूस, भाववाढ, उधळपट्टी. घाला चार वाक्यं. त्यांना स्वतःलासुद्धा कळायचं नाही."

"ते तेच ते नव्हतं," आत्या म्हणाली.

"मग काय होतं?"

"तेच तर सांगता येत नाही."

ती उठून मुख्य प्रतिवेदकांकडे गेली. करड्या शिस्तीचा माणूस. सगळे त्यांना साहेब म्हणत. पेन्सिलींची टोकं ते स्वतः तपासायचे.

"साहेब, माझी दीड मिनिटाची नोंद सुटली."

साहेबांनी चष्मा काढला. "तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"गोंगाट होता?"

"नऊ जण होते. शांतता होती."

"मग सुटली कशी?"

"मी ऐकत बसले," आत्या म्हणाली.

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बाई, आपण ऐकायचं नसतं. घ्यायचं असतं." आणि त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. सदस्यांकडे जा, त्यांच्याकडे टिपण असेल तर घेऊन या.

वाणसामानांची खोली लांबलचक बोळाच्या टोकाला, जिन्याखाली होती. पक्षाने चौघांत मिळून दिलेली, पण बाकीचे तिघे तिकडे फिरकत नसत. आत कागदांचे ढीग, एक पाय लटपटणारी खुर्ची आणि विजेच्या किटलीत उकळणारं पाणी. ते बिस्कीट बुडवून खात होते. दारात आत्याला पाहून गडबडीने उठले.

"बसा, बसा. त्या खुर्चीत नको, पडाल. इकडे बसा."

आत्याने चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली. मग सगळे खिसे चाचपून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर फक्त आकडे होते.

"एवढंच टिपण आहे माझं," ते म्हणाले. "बाकीचं उभ्याउभ्या बोललो. काय बोललो असेन बरं? कुठपर्यंत आहे तुमच्याकडे?"

"'स्वतःच दिवा लावतो' इथपर्यंत."

त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "नाही हो. गेलं. आठवतच नाही." आणि एकदम हसले. "दीडच मिनिट ना? माझी अख्खी भाषणं वाया गेलीत, तुम्ही दीड मिनिटाचं काय घेऊन बसलात! पण सुटलं कसं? तुमचं तर कधी सुटत नाही. परवा मी शिंकलो तेसुद्धा छापून आलं."

"व्यत्यय म्हणून आलं," आत्या म्हणाली. मग तिलाही हसू आलं. आणि का कोण जाणे, तिने खरं सांगून टाकलं. "तुम्ही माझ्या घराबद्दल बोलत होतात. मी बघत बसले."

ते हसायचे थांबले. दुसरा कप शोधून, पुसून, त्यात चहा ओतला. स्वतःची बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा गावाकडे शेतीअवजारांचं दुकान चालवतो आणि आपण इथे सदस्यांच्या वसतिगृहात राहतो, हे त्यांनी अगदी थोडक्यात सांगितलं. मग म्हणाले, "मी आपलं अंदाजाने बोललो. आकडे काढले होते, घर पाहिलं नव्हतं. तुम्ही सांगाल का? हळू सांगा हं, मला तुमच्यासारखं भरभर लिहिता येत नाही."

आणि त्यांनी पेन्सिल घेतली.

तेवीस वर्षं दुसऱ्यांचं लिहून घेतलेल्या माझ्या आत्याचं बोलणं त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेतलं. सुरुवातीला तिला जमेना. मग तिने सांगितलं की पाव अर्धा मिळत नाही, पूर्ण घ्यावा लागतो आणि चौथ्या दिवशी बुरशी येते. कोबीचा गड्डा भाजीवाला कापून देत नाही, दिला तर उरलेला अर्धा पडून राहील म्हणतो. भात एक वाटी शिजवा की पाच वाट्या, पातेलं तापायला गॅस तेवढाच लागतो. आजारी पडलं तर भाड्याची गाडी एकटीसाठी करावी लागते आणि डॉक्टरांकडून औषध घेऊन तीच गाडी परत. "आमच्या वरच्या मजल्यावर सात माणसं आहेत," ती म्हणाली, "त्यांचं आणि माझं पाण्याचं बिल आता जवळपास सारखं येईल. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलं गोड आहेत."

ते लिहीत होते. मध्येच म्हणायचे, "थांबा, थांबा. पातेल्याचं पुन्हा सांगा."

मग ती म्हणाली, "विजेचं म्हणाल तर चूक माझीही आहे. मी सकाळी कामावर निघताना पुढच्या खोलीतला दिवा लावूनच निघते. दिवसभर जळतो. रस्त्यावरून वर बघितलं की खिडकीत उजेड दिसतो. वाटतं, घरात कुणीतरी आहे."

पेन्सिल थांबली.

"हे लिहू?" त्यांनी विचारलं.

"नको."

त्यांनी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तराच्या भाषणात ते पाव, कोबी आणि पातेल्याबद्दल बोलले. पाळी आत्याची नव्हती. तिने ते मुद्रितात वाचलं. नाव नव्हतं, "माझ्या माहितीतलं एक घर" एवढंच होतं. दिव्याचा उल्लेख नव्हता. अर्थमंत्र्यांनी म्हटलं होतं की सन्माननीय सदस्य आता स्वयंपाकही शिकू लागलेले दिसतात, आणि पुढे कंसात "प्रचंड हशा". कपात सूचना फेटाळली गेली. तेही मुद्रितातच होतं.

आदल्या दिवसाच्या अहवालात मात्र साहेबांनी नियमाप्रमाणे कंसात एक ओळ घातली : येथे काही वाक्यांची नोंद होऊ शकली नाही. अशी ओळ त्या सभागृहाच्या अहवालात त्याआधी कुणी पाहिली नव्हती. आत्याला लेखी समज मिळाली आणि ती तिच्या सेवापुस्तकाला जोडली गेली.

प्रकरण तिथेच संपायचं, पण तिसऱ्या आठवड्यात ती ओळ एका वार्ताहराच्या नजरेला पडली आणि त्याने ठळक मथळा दिला की विरोधी सदस्याचं भाषण सरकारने अहवालातून गाळलं. झालं! ज्या पक्षाला वाणसामानांचं भाषण ऐकायला वेळ नव्हता तो पक्ष पेटून उठला. सकाळीच विरोधी बाकांवरून घोषणा सुरू झाल्या. "गाळलेली वाक्यं परत आणा!" कागद फडफडले, दोन वेळा कामकाज तहकूब झालं. इतकी गर्दी सभागृहात अर्थसंकल्पाच्या दिवशीही नसायची. पक्षाच्या नेत्यांनी वाणसामानांना मधल्या सुट्टीत घेरलं. तुम्ही फक्त उभं राहा आणि म्हणा की माझी मुस्कटदाबी झाली, पुढचं आम्ही बघतो. उद्या सगळ्या वर्तमानपत्रांत तुमचा फोटो.

हे तिला पुढे बऱ्याच वर्षांनी कुणाकडून तरी कळलं. त्या वेळी तिला एवढंच ठाऊक होतं की चौकशी लागली तर आपली नोकरी जाईल. तिने मला त्या दुपारी कचेरीतून फोन केला होता. कधी नव्हे तो आडवारी. मी कामात होते. म्हटलं, "आत्या, रात्री करते." रात्री विसरले.

कामकाज पुन्हा सुरू झालं तेव्हा टेबलावर पाळी आत्याची होती. साहेब म्हणाले होते, "हवं तर दुसऱ्याला बसवतो." ती म्हणाली, "नको, माझी मी घेते."

वाणसामान उभे राहिले. त्यांच्या मागचे सगळे बाक वाजवू लागले. त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"अध्यक्ष महोदय, माझ्या भाषणातलं कुणी काहीही गाळलेलं नाही. मी काहीतरी बोललो आणि ते लिहिलं गेलं नाही. मला विचारलं गेलं, मलाही आठवलं नाही. त्या संध्याकाळी इथे नऊ सदस्य हजर होते, माझ्या पक्षाचे तिघे. आता जे ओरडताहेत त्यांच्यातलेही आहेत. माझी विनंती आहे, मी काय बोललो ते त्या नवांपैकी एकाने उभं राहून सांगावं. एक वाक्य सांगितलं तरी चालेल. मी ते अहवालात घालायला सांगेन आणि माफी मागेन."

ते थांबले. कुणीही उठलं नाही. आमंत्रण वाचणाऱ्यांपैकी एकजण खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"मग महोदय," ते म्हणाले, "जे आम्ही कुणीच ऐकलं नाही ते एका पेनाने ऐकावं, अशी सक्ती आपल्याला करता येणार नाही. हा विषय इथे थांबावा." आणि ते बसले.

आत्याने ते सगळं घेतलं. एकही शब्द सुटला नाही. पुढे कंसात काय लिहायचं हे तिला क्षणभर कळेना, कारण हशाही नव्हता, गोंधळही नव्हता, टाळ्याही नव्हत्या. तिने काहीच लिहिलं नाही.

त्यांच्या पक्षाने हे विसरायचं कारण नव्हतं. हातातोंडाशी आलेलं आंदोलन घालवलं म्हणून पुढच्या निवडणुकीत त्यांचं तिकीट कापलं आणि एका कंत्राटदाराला दिलं. तो निवडूनही आला. आत्याचंही काही भलं झालं नाही. साहेब निवृत्त झाले तेव्हा ज्येष्ठतेने ती जागा तिची होती, पण सेवापुस्तकातल्या त्या समजेवर बोट ठेवून ती तिच्यापेक्षा सहा वर्षांनी कनिष्ठ माणसाला दिली गेली. तिने अर्ज केला नाही. मी भांडायला सांगितलं तेव्हा म्हणाली, "अगं, समज खरीच होती."

तिकीट कापलं गेल्यावर जिन्याखालची आपली खोली रिकामी करायच्या दिवशी वाणसामान प्रतिवेदकांच्या खोलीच्या दारात आले होते. सदस्य तिकडे कधीच येत नसत. यंत्रांचा कडकडाट एकदम थांबला. सगळे उभे राहिले. त्यांनी आत पाहिलं, आत्या कुठे आहे ते शोधलं आणि म्हणाले, "येतो बरं का."

"या," आत्या म्हणाली.

एवढंच. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. मी एकदा तिला विचारलं, पत्र तरी लिहायचंस, त्यांनी नाही लिहिलं कधी? ती म्हणाली, "ते माझ्याशी बोलत नव्हते गं. सभागृहात सगळ्यांनी अध्यक्षांना उद्देशून बोलायचं असतं. नियमच आहे तसा." आणि उठून कपड्यांच्या घड्या करू लागली.

स्थिर आकार अजून आहे. मध्ये एका सरकारने निवडणुकीच्या तोंडावर तो निम्मा केला, दुसऱ्याने निवडून आल्यावर पुन्हा वाढवला. एकट्या माणसाच्या घराचा विषय त्यात कुणी काढला नाही.

आत्या निवृत्त झाल्यावर आठव्या वर्षी, आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली की माजी सदस्य अमुक यांचं दीर्घ आजाराने निधन. आत्याने त्यांच्या मुलाला दोन ओळींचं सांत्वनाचं पत्र लिहिलं आणि खाली आपला हुद्दा लिहिला. मुलाचं उत्तर आलं. वडिलांच्या भाषणांचे, कात्रणांचे, यादीच्या कागदांचे तीस खोके माडीवर आहेत, आम्हाला त्यातलं काही कळत नाही, वाळवी लागायला आलीय. तुम्हाला यायला जमेल का?

ती गेली. चौदा तासांचा बसचा प्रवास, वय सहासष्ट. तीन आठवडे त्या अनोळखी घराच्या माडीवर बसून तिने वर्षावार गठ्ठे लावले, प्रत्येकावर चिठ्ठी डकवली, आकड्यांच्या कागदांना तारखा दिल्या. तारीख नसलेल्या कागदाचंही साल ती साबणाच्या भावावरून सांगायची, म्हणे. सूनबाई रोज जेवायला वर ताट आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी तिने भीत भीत विचारलं, "तुम्ही बाबांच्या कोण, म्हणजे... नात्यातल्या का?"

"नाही," आत्या म्हणाली. "मी त्यांचं लिहून घ्यायचे."

सुनेने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचंही ताट घेऊन वर यायला लागली. दोघी खोक्यांमध्ये बसून जेवायच्या. हे सांगताना आत्याच्या आवाजात जे होतं, ते मी तिच्या फोनवरच्या "मजेत"मध्ये कधी ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर ती दोन दिवस झोपून होती. तिसऱ्या दिवशी तिला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी स्वतः जाऊन दाखवायचं असतं. खिडकीवरचा कारकून नवा होता. तो म्हणाला, यंदापासून नियम बदललाय, तुम्हाला ओळखणाऱ्या कुणाची तरी सही लागेल. सोबत कुणी आहे का?

आत्याने तिथल्याच फोनवरून मला फोन केला. वार बुधवार होता, दुपारचे बारा वाजले होते आणि मी कामात होते.

"काही घाई नाही," ती म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तुला जमेल तेव्हा."

मी म्हटलं, "तिथेच बाकावर बस, आत्या. मी निघाले."

सहा तासांचा रस्ता होता. खिडकी चार वाजताच बंद होणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती बसून राहिली.